एक्केचाळीस जेवणं

हल शहरात नदीवरचा वारा
डिसेंबरात तीनलाच दिवे लावायला लावतो.
जुन्या मासळी-गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस,
ओल चढली की भिंतींना अजून कॉडचा वास येतो.
मी इथे शब्द लिहिते: बटणांवरचे,
चुकीच्या खिडकीत उमटणारे,
अपडेटसोबत जाणाऱ्या चिठ्ठ्यांमधले.
आमचं सॉफ्टवेअर एकट्या म्हाताऱ्यांना गरम जेवण पोचवतं.
म्हणजे जेवण व्हॅन पोचवते. आम्ही फक्त पत्ते.

मंगळवारी पत्ते चुकले.

कॅलमचा मसुदा दहा मिनिटांत आला:
'आमच्या रोबस्ट, एंड-टू-एंड इकोसिस्टिममध्ये
काही स्टेकहोल्डर्सना अल्पकाळ
सबऑप्टिमल एक्सपिरिअन्स आला असण्याची शक्यता आहे.
लर्निंग्ज लेव्हरेज करून आम्ही पुढे जात आहोत.'

कॅलम वाईट नाही. घरी जुळी आहेत, झोप नाही,
आणि हे शब्द त्याला तयार मिळतात,
स्टेशनवरच्या तिकोनी डब्यातल्या सँडविचसारखे,
कधी केले, कुणी केले, कोण विचारतो.

मी खोडायला बसले.
रोबस्ट गेलं. मोडून पडलेल्याला दणकट कोण म्हणतं?
इकोसिस्टिम गेली: होते तीन सर्व्हर, एक नकाशा
आणि रजेवर गेलेला टिम.
'अल्पकाळ'पाशी अडले.
साडेअकरा ते साडेचार.
हे कुणाच्या पोटाला विचारून लिहिलं?

तेवढ्यात फोन. हेल्पडेस्क तुंबलेला, म्हणून माझ्या टेबलावर.
विनिफ्रेड ऑस्गर्बी, वय सत्त्याऐंशी, हेसल रोडच्या मागची गल्ली.
"पोरी, माझा पाय कुठाय?"
क्षणभर मी खरंच दचकले.
मग कळलं, मटणाचा, कणकेच्या झाकणाचा.

आणि मी, इतका वेळ खोडत बसलेली मी, म्हणाले,
"इश्यू प्रायॉरिटाइझ केलाय, मिसेस ऑस्गर्बी,
आम्ही लवकरच सर्कल बॅक करू."

पलीकडे किटलीची शिट्टी. ती थांबली.
"म्हणजे येणार की नाही?"

मिरजेच्या तारघरात बाबा खिडकीशी बसायचे.
तिथे शब्दाला पैसे पडत.
लोक घामेजल्या कागदावर लिहून आणायचे,
'कळविण्यास अत्यंत दुःख होते की'
आणि बाबा मान वर न करता पेन्सिल चालवायचे.
"आई गेली. ये.
एवढं पुरे. उरलेल्यात एसटीचं तिकीट येईल."
मला ते तेव्हा निर्दय वाटायचं.
इथे शब्दाला पैसे पडत नाहीत,
उलट आम्हालाच मिळतात.

"नाही," मी म्हणाले. "आज येणार नाही. चूक आमची.
घरात खायला काय आहे?"
"सूपचा डबा आहे. बोटं वळत नाहीत, उघडत नाही."

मग लिहिलं:
'मंगळवारी एक्केचाळीस जणांचं जेवण पोचलं नाही.
पत्ते जुळवताना आमची चूक झाली.
ती सापडली आहे. उद्या प्रत्येकाला फोन करून विचारू.'

लीगलने 'चूक'वर लाल रेघ मारली.
सुचवलं: 'आउटकम'.
मी रेघ पुसली. त्यांनी परत मारली.
ते भांडण आजही मिटलेलं नाही.

पाचला कॅलम किल्ल्या वाजवत उभा. "हेसल रोड वाटेतच आहे."
वाटेत नव्हता.
कोपऱ्यावरच्या दुकानातून पाय घेतला, चिप्स घेतल्या,
वर तो लाल मसाला, जो इथे सगळ्यावर पडतो.
सिग्नलला त्यानं विचारलं,
"लर्निंग्जला तुमच्याकडे काय म्हणतात?"
"शहाणपण," मी म्हणाले.
"पण ते अनेकवचनात येत नाही."
तो बराच वेळ हिरव्या दिव्याकडे बघत राहिला,
मागच्यानं हॉर्न दिला.

दाराआडून आवाज आला, "कोण?"
मी तोंड उघडणार,
कॅलम कागदाचं गरम पुडकं छातीशी धरून म्हणाला,
"जेवण."